मखणीचं व्रत आणि माझा गाळा

मांजरीचा जबडा उघडून मी करंगळीने तिची जीभ वर उचलली आणि ओरडलो, "दोरा ओढला कुणी?"

स्वयंपाकघरात सगळे एकमेकांकडे बघू लागले. खालच्या मजल्यावर शिलाई मशिनींची धडधड तेवढी चालू होती.

"मी विचारतोय, ओढला कुणी?"

"मी," किशन म्हणाला. "मागून थोडं टोक दिसत होतं. सकाळी खेचलं, तर तुटलं. हाथ की आदत है, डॉक्टर. धागा लटकता दिखा तो हाथ अपने आप जाता है."

हे मात्र खरं होतं. किशनच्या उल्हासनगरच्या घरात जीन्स शिवायचं काम चाले. तिथे आठवी-नववी शिकलेल्या कारागिरापासून खुद्द मालकापर्यंत प्रत्येकाचा हात लोंबणाऱ्या दोऱ्याकडे जायचाच. पँट असो, शर्ट असो, समोर बसलेल्या पाहुण्याची बाही असो. पण मांजर म्हणजे पँट नव्हे, हे त्याच्या हाताला कळलं नव्हतं.

मखणी हे त्या मांजरीचं नाव. तिच्या जिभेखाली जाडसर नारंगी दोरा अडकला होता. जीन्सच्या खिशावर दुहेरी शिलाई असते, तोच हा दोरा. त्याचा वेढा जिभेच्या मुळाशी बसला होता आणि बाकीचा घशातून खाली गेला होता. वेढा मांसात रुतून ताजं रक्त आलेलं. मागून हिसका दिल्याशिवाय असं होत नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. मूळचा बदलापूर गावातला. तेव्हा माझे पेशंट म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या तबेल्यांतल्या म्हशी. शेळ्या, कुत्री अधूनमधून. मांजर क्वचितच. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. मांजर आजारी पडलं तर लोक त्याला गोणपाटावर ठेवत आणि वाट बघत. डॉक्टर वगैरे कुणी बोलवत नसे.

दोरा गिळणं मांजरांत नवीन नाही. त्यांची जीभ खरखरीत असते, काटे आतल्या बाजूला वळलेले. एकदा दोरा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही, आत आतच जातो. एक टोक जिभेला अडकलं की आतडं उरलेल्या दोऱ्यावर पुढे सरकायला बघतं. लेंग्याची नाडी ओढली की कापड कसं चुण्या पडून गोळा होतं, तसं आतडं गोळा होतं. आणि बाहेरून कुणी ओढलं तर तोच दोरा करवतीसारखा आतडं कापतो. ते फाटलं की पोटात घाण पसरते. मग काही उरत नाही.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. ओरडूनच सांगितलं. माझा आवाज तसाही मोठा आहे, तबेल्यात बोलून बोलून झालेला.

"वाचेल का?" कविताने विचारलं. ही किशनची बायको. मांजर तिने माहेराहून आणलेली. तिच्या पदराला मखणीच्या उलटीचे डाग होते आणि डोळे सुजले होते.

"आत्ता पोट उघडलं तर आशा आहे. संध्याकाळपर्यंत थांबलात तर नाही."

"मुंबईला नेऊ? मोठ्या हॉस्पिटलात?"

मी मखणीची कातडी मानेवर चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. अंगातलं पाणी संपलं की असं होतं. "रस्त्यातच जाईल," मी म्हणालो.

मग किशनने तो प्रश्न विचारला, ज्याची मी चार वर्षं वाट बघत होतो. "तो करो ना, डॉक्टर. कुठे करणार?"

इथे मागचं थोडं सांगावं लागेल.

त्याच इमारतीत तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने एक गाळा होता. तो माझा दवाखाना होता. मी घेतला तेव्हा नुसत्या विटा आणि मातीची जमीन होती. कमरेएवढ्या पांढऱ्या टाइल्स मी लावल्या. बेसिन मी बसवलं, नळ मी घेतला, तपासायचा कडाप्पाचा ओटा मी स्वतः उभा राहून गवंड्याकडून करून घेतला. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली राबलेले, त्यामुळे कोण काम चोरतं ते मला कळतं. किशनच्या वडिलांनी शब्द दिला होता, "डॉक्टर, जोवर सुई टोचताय तोवर जागा तुमची." कागद नव्हता. त्या माणसाचा शब्द पुरे होता. पण ते वारले, जीन्सचं काम वाढलं, आणि किशनने मला बाहेर काढलं. सामान हलवायला नीट वेळही दिला नाही. बेसिन काढून नेतो म्हणालो तर म्हणे, भिंत खराब होईल.

तेव्हापासून मी अंबरनाथला एका तबेल्याच्या कडेच्या शेडमध्ये बसत होतो. पत्र्याखाली. माश्यांत. त्या घराची पायरी चढणार नाही असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी चढलो, कारण बोलावणं अम्माचं होतं. अम्मा म्हणजे किशनची आई. माझ्या दवाखान्यात दुपारचा चहा रोज तिच्याकडून यायचा. तिने कधी चुकवला नव्हता.

तर किशनने विचारलं, कुठे करणार. मी म्हणालो, "माझ्या गाळ्यात."

"कुठल्या गाळ्यात?"

"माहीत असून विचारू नकोस. खालच्या."

"डॉक्टर, तिथे कार्टनं आहेत. छतापर्यंत माल आहे. उद्या आणखी माल उतरणार. इथे करा ना, किचनमध्ये. नाहीतर कटिंगच्या टेबलावर."

"कटिंगच्या टेबलावर? तिथे बोट फिरवलं तरी कापसाचा थर येतो. उघड्या पोटात तो घालू? आणि ऑपरेशननंतर ती ठेवायची कुठे? या घरात एक कोपरा दाखव जिथे दोरा पडलेला नाही. मी इथेच करतो."

त्याने खरंच इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच दोन-चार निळे धागे पडले होते.

"अर्धा गाळा रिकामा करतो," तो म्हणाला.

"पूर्ण."

"डॉक्टर, ओटा आणि बेसिन मोकळं करून देतो. बाकी माल प्लास्टिकने झाकतो. चला, झालं?"

"पूर्ण. आणि टाके काढेपर्यंत."

"टाके काढेपर्यंत? मला वाटलं, आजचा दिवस!"

"मग घे तुझी मांजर. पँटला तिचं लेबल लाव."

मी बॅग उचलली आणि जिन्याकडे वळलो. हा माझा जुना हातखंडा आहे. म्हशीच्या सौद्यात दहा पावलं चालून दाखवावं लागतं. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी मुद्दाम सावकाश चालत होतो. मांजर मागे पडली होती आणि वेळ जात होता. किशनने हाक मारली नसती तर मी चौथ्या पायरीवरून परत फिरलो असतो. त्याला हे माहीत नव्हतं. स्वच्छ जागेची गरज खरी होती आणि माझा रागही खरा होता. दोन्ही एकाच बाजूला पडले, एवढंच.

हाक अम्माने मारली, सिंधीत मुलाला मारतात तशी. "पुट, थांब." मग किशनकडे वळून ती सिंधीत काहीतरी बोलली. फार नाही, दोनच वाक्यं. किशनचे कान लाल झाले. तो जिन्यावरून माझ्या आधी खाली धावला आणि ओरडला, "मशीन बंद! सब नीचे आओ, माल निकालो!"

पुढचा तास मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. सगळे कारागीर रांगेत उभे राहिले. कार्टनं हातोहात बाहेर आली आणि रस्त्यावर, रिक्षा स्टँडपर्यंत रचली गेली. रिक्षावाले शिव्या देऊ लागले, मग कारण कळल्यावर तेही उतरून खोके उचलू लागले. कविताने फरशी आणि टाइल्स गरम पाण्याने घासल्या. माझी हत्यारं अम्माने प्रेशर कुकरमध्ये घातली आणि शिट्ट्या मोजत बसली. शिलाई मशिनींचे छोटे दिवे काढून कारागिरांनी ओट्याभोवती बांधले. मी बेसिनचा नळ सोडला. पाणी त्याच बारीक धारेने आलं. वायसर बदलायला झाला होता. चार वर्षांत कुणी बदलला नव्हता.

"एक सांगून ठेवतो," मी सगळ्यांना म्हणालो. "म्हशीची पोटं मी बरीच उघडलीत. मांजरीचं आतडं आज पहिल्यांदा. मान्य असेल तर बोला."

कविता म्हणाली, "दुसरं कोण आहे?"

हे उत्तर मला फारसं आवडलं नाही, पण बरोबर होतं.

भुलीचं इंजेक्शन अगदी थोडं दिलं. म्हशीच्या हिशेबाची सवय असलेल्या हाताला तेवढं थोडं भरणंच कठीण. कविताला मखणीच्या छातीकडे बघायला लावलं. श्वास थांबला असं वाटलं तर लगेच सांगायचं. सगळ्यांत आधी मी जिभेखालचा वेढा कापला, म्हणजे आतला ताण सुटतो. मग पोट भादरलं, स्पिरिट लावलं आणि मधोमध चीर दिली.

आतडं बाहेर घेतलं तेव्हा कविताच्या तोंडून "अरे देवा" निघालं. गजऱ्यासारखं गोळा झालं होतं ते. काही ठिकाणी गुलाबी, एका ठिकाणी जांभळट. मी तिथे बोट ठेवून वाट पाहिली. जांभळट रंग हळूहळू लाल झाला. म्हणजे जीव होता. एक बारीक चीर देऊन चिमट्याने दोरा पकडला. आला तेवढा येऊ दिला, जिथे अडला तिथे थांबलो, कापला. पुढे दुसरी चीर. ओढायचा मोह मलाही होत होता, कबूल करतो. दोरा सैल झाला तशा चुण्या एकेक करून उलगडल्या आणि आतडं सरळ होत गेलं. मी जोरात म्हणालो, "सुटलं!" दाराबाहेर उभ्या असलेल्या कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्यावर खेकसलो.

किशनच्या हिसक्याने एका जागी भोक पडलं होतं, मोहरीएवढं. ते शिवलं, दोन्ही चिरा शिवल्या, गरम सलाइनने पोट धुतलं, बंद केलं. ट्रेमध्ये नारंगी दोऱ्याचे तुकडे पडले होते. किशनने वाकून पाहिलं.

"ये तो अपना ही माल है," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

इथपर्यंतचं काम माझं होतं आणि ते मी केलं. खरा गोंधळ पुढे झाला.

आतड्यावर टाके घातल्यावर पेशंटला दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडाने काही द्यायचं नसतं. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. अंगातलं पाणी भरून काढायला मी कातडीखाली सलाइन देत होतो. टाके कोवळे असतात. त्यांच्यावरून अन्न गेलं तर ते उसवतात. हे मी सर्वांना एकत्र उभं करून सांगितलं. सर्वांनी माना डोलावल्या. मी कोपऱ्यावर विडी ओढायला गेलो आणि परत आलो, तर एक कारागीर मखणीच्या तोंडापाशी दुधाची वाटी धरून बसलेला. तिने अजून नीट डोळेही उघडले नव्हते.

त्याला हाकललं, तर थोड्या वेळाने किशन चहात बुडवलेलं बिस्किट घेऊन. त्याच्यावर ओरडतोय तोवर शेजारीण ग्लुकोजचं पाणी घेऊन. आणि मग स्वतः अम्मा, वाटीत मलई घेऊन.

"अम्मा, तुम्हीसुद्धा?"

"पुट, ती भुकेली आहे. बघ कशी बघते."

"भूक चालेल. मलईने मरेल."

"थोडी. बोटावर."

"नाही."

"जिभेला फक्त लावते."

"अम्मा, नाही."

"बरं, मलई नाही. दूध, अर्धी वाटी. पाणी घालून."

"पाव वाटीही नाही. साधं पाणीही नाही."

अम्माने वाटी ओट्यावर आपटली. "तू भाजीवाल्यासारखा भाव करू नको माझ्याशी! सिंध सोडून आलो तेव्हा कॅम्पात आम्ही भुकेले झोपलो. माझ्या सासूने तेव्हा सांगितलं, आपल्या घरात चूल पेटली की माणूस असो, गाय असो, कुत्रा असो, कुणी भुकेलं झोपणार नाही. तेव्हापासून कुणी झोपलं नाही. आता तू माझ्या छताखाली एका जीवाला उपाशी ठेवणार?"

मला दुधाचा दर पाडता येतो, म्हशीच्या दातावरून तिचं वय सांगून व्यापाऱ्याला गप्प करता येतं. पण ही बाई दर मागतच नव्हती. आणि मी शेडवर गेलो की माझ्यामागे हे घर त्या मांजरीला प्रेमाने मारणार, हे स्पष्ट दिसत होतं. एवढी माणसं, प्रत्येकजण दुसऱ्याची नजर चुकवून एकच घास देणार.

तेवढ्यात कविता माझ्यासाठी चहा घेऊन आली. अम्मालाही विचारलं. अम्माने मान हलवली. "माझं चालीहो आहे, विसरलीस?"

चालीहो म्हणजे सिंधी लोकांचं झुलेलालाचं चाळीस दिवसांचं व्रत. उल्हासनगरात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. माझ्या डोक्यात एकदम काहीतरी पेटलं. मी चहा तसाच ठेवला.

"अम्मा, तुमचं व्रत चालू असताना कुणी जबरदस्तीने तुमच्या तोंडात घास कोंबला तर?"

"पाप! दुसऱ्याचं व्रत मोडणारा माणूस? शी! त्याच्या हातचं पाणी कोण घेईल?"

"मग ऐका. मखणीचं व्रत आहे."

अम्मा माझ्याकडे बघत राहिली. मग मखणीकडे. मला वाटलं, आता चप्पल काढते.

"कधीपर्यंत?" तिने विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत. निर्जळी. मग पाणी. मग मी सांगेन ते."

"निर्जळी," ती म्हणाली. तिच्या आवाजात आदर होता. "कठीण व्रत आहे."

ती वर गेली आणि कुंकवाची डबी आणि लाल दोरा घेऊन खाली आली. व्रताची खूण म्हणून मखणीच्या गळ्यात बांधायला.

"दोरा नको!" मी इतका ओरडलो की बाहेर रिक्षावाल्याने ब्रेक मारला. शेवटी टिळ्यावर तडजोड झाली.

त्यानंतर चमत्कार म्हणावा असा फरक पडला. अम्माने गाळ्याच्या दारात स्टूल टाकलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, मखणी व्रतात आहे. मी दिलेल्या वैद्यकीय सूचना कुणी पाळल्या नव्हत्या. ही सूचना सर्वांनी पाळली. कारागीर दारातून डोकावत, हात जोडत आणि वर जात. शेजारीण ग्लुकोजचं पाणी स्वतः पिऊन गेली. किशन तर आपला चहाही गाळ्यासमोर पीत नव्हता.

सकाळी व्रत सुटलं. अम्माच्या हातून चमच्याने पाणी. ते पोटात राहिलं. मग पातळ सूप. तेही राहिलं. आता एकाच गोष्टीची वाट होती. आतडं चालू झालं की नाही हे कळायचा एकच पुरावा असतो, आणि तो मातीच्या घमेल्यात मिळतो. तो दिवस गेला, काही नाही. दुसऱ्या दिवशी मखणी घमेल्यात बसली, उकरलं, उठली. काही नाही. सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. आतडं जागच्या जागी थिजलं असेल तर परत उघडायला तिच्यात ताकद नव्हती.

दुपारी मी बेसिनवर हात धूत होतो. मागून कविताची किंकाळी आली, "केली! डॉक्टर, केली!"

मी वळून पाहिलं. छोटी, काळसर, पण व्यवस्थित. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट फार कमी वेळा पाहिलीय. "केली!" मी रस्त्यावर जाऊन ओरडलो. वर कुणीतरी ओरडलं, "मखणीने केली!" मशिनी एकामागून एक थांबल्या. जिन्यावरून पायांचा गडगडाट झाला. किशन सगळ्यांत पुढे. त्याने घमेल्यात वाकून पाहिलं आणि मला मिठी मारली. मी त्याला दूर ढकललं नाही, एवढंच. तासाभरात आख्ख्या गल्लीत पेढे वाटले गेले, आणि कशाबद्दल ते लोकांनी खाल्ल्यावर विचारलं.

राहिलेले दिवस मी गाळ्यातच बसलो. पेशंटवर नजर ठेवायला, असं कारण होतं. बातमी पसरली होती. कुणी शेळी आणली, कुणी कुत्रा, एकाने पोपट आणला. ओट्यावर माझी हत्यारं पुन्हा मांडली गेली. दुपारचा चहा वरून यायला लागला. किशन येता-जाता रस्त्यावर प्लास्टिकने झाकलेल्या मालाकडे आणि मग माझ्याकडे बघे. सौदा त्याला आत्ता कळत होता. पण शब्द अम्मासमोर दिलेला होता.

मग टाके काढायचा दिवस आला. मखणी उड्या मारत होती. जखम कोरडी होती. मी कात्री घेतली. कविताने तिला धरलं. अम्मा शेजारी उभी होती. एकेक टाका काढला आणि शेवटच्यावर आलो, तेव्हा अम्मा माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "पुट, एक राहू दे ना. काय बिघडतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती दाराबाहेर कार्टनांकडे बघत होती. नवऱ्याने दिलेला शब्द तिच्याही मनात सलत असणार.

टाके असेपर्यंत गाळा माझा, असं ठरलं होतं. आयुष्यभर मी घासाघीस केलीय. इतका चांगला सौदा मला कुणी देऊ केला नव्हता.

"अम्मा, वेळ झाल्यावर टाका ठेवला तर पिकतो," मी म्हणालो आणि कापला.

संध्याकाळी कार्टनं आत गेली. मी अंबरनाथला शेडवर परतलो. किशनवरचा राग अजून तसाच आहे, आणि त्याने तो वायसर आजतागायत बदललेला नाही असं ऐकतो. ज्यांच्या घरी शिलाई मशीन आणि मांजर दोन्ही आहेत त्यांना एवढंच सांगेन. मांजर ओकू लागली तर आधी जिभेखाली बघा. दोरा दिसला तर हात खिशात घाला आणि डॉक्टरला बोलवा.